बंद पडलेल्या वस्तूंचा कप्पा रिकामा करायचाय, सुरुवात कुठून करू?

अडगळवाली

काल एक स्क्रू ड्रायव्हर शोधायला म्हणून कपाटाचा खालचा कप्पा बाहेर काढला. स्क्रू ड्रायव्हर नव्हताच. निघालं ते असं: चार मोबाइल (एक बटणांचा, बॅटरी गायब), अकरा चार्जर (त्यातले सात कशाचे ते घरात कुणालाच सांगता येईना), एक टॅब्लेट, एक राउटर, हेअर ड्रायर, एक कॅल्क्युलेटर, ज्यांचे टीव्ही केव्हाच गेले असे दोन रिमोट आणि एका पिशवीत गेलेले पाच-सहा सीएफएल. पोटमाळ्यावर ढेरीवाला जुना टीव्ही आहे तो वेगळाच. फ्रीजही पुढच्या महिन्यात बदलायचाय.

कॅल्क्युलेटरचं मागचं झाकण उघडलं तर स्प्रिंगवर पांढरी खर जमलेली. टॅब्लेटची काच एका कडेने वर आलीय, नख आत जाईल एवढी फट आहे.

हे सगळं भंगारवाल्याला देऊन मोकळी होऊ का? फोनमधले फोटो पुसल्यावर खरंच जातात का? घरातल्यांचं मत असं की इतकी वर्षं राहिलंय तर आणखी राहू दे. मला ते पटत नाही, पण उचलून नेमकं कुणाला द्यायचं तेही कळत नाही.

सोल्डरगन

बाकीचं नंतर, आधी टॅब्लेट. काच वर आलीय म्हणजे आतली बॅटरी फुगलीय. जुन्या लिथियम बॅटरीतला द्राव हळूहळू विघटित होतो, वायू सुटतो आणि ते चंदेरी पाकीट उशीसारखं फुगतं. चार्जिंगला लावू नका. "चालू होतोय का बघू" हा मोह अजिबात नको. काच दाबून परत बसवू नका. टाचणी टोचून हवा काढणारे महाभागही मी पाहिलेत. आतल्या थरांमध्ये केसाहून पातळ पडदा असतो. तो फाटला की शॉर्ट, आणि मग ती बॅटरी स्वतःच स्वतःला तापवत जाते, बाहेरून विझवणं कठीण.

मातीच्या कुंडीत किंवा पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घाला, त्यात ठेवा. झाकण घट्ट लावायचं नाही. उन्हापासून, पडद्यांपासून, कागदाच्या गठ्ठ्यांपासून लांब. घराबाहेर जाण्यात पहिला नंबर याचा. जिथे द्याल तिथे "बॅटरी फुगलीय" असं तोंडाने सांगा, पिशवीत तळाशी घालून सरकवू नका.

कॅल्क्युलेटर मात्र टाकू नका, तो बहुधा जिवंत आहे. ती पांढरी खर म्हणजे अल्कलाइन सेलमधून झिरपलेलं अल्कलीचं द्रावण, हवा लागून वाळलेलं. हातमोजे घाला, कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब व्हिनेगर घेऊन पुसा, मग कोरडं करा. स्प्रिंग फार खाल्ली गेली नसेल तर नव्या सेलवर चालेल.

अडगळवाली

काल रात्रीपर्यंत त्या टॅब्लेटवर इस्त्री ठेवलेली होती. गार होती म्हणून बरं. 😬 आता वाळू घालून कुंडीत ठेवलाय. घरातून विचारणा झाली की रोज पाणी घालायचं का.

वाचनमात्र

धाग्यावर नजर ठेवून आहे. माझा कप्पा तुमच्यापेक्षा मोठा आहे.

शंकासुर

मला हा सगळा बाऊ वाटतो. भंगारवाला दारात येतो, वजन करतो, चार पैसे देतो, वस्तू घेऊन जातो. पुढे तिचा स्क्रू न स्क्रू वेगळा होतो आणि विकला जातो. काही वाया जात नाही. याहून चांगलं रिसायकलिंग कुठलं? उलट ते "जबाबदार" म्हणवणारे आपल्याला त्यांच्या दारात जायला लावतात आणि हातात काही ठेवत नाहीत.

तांब्याची_तार

शंकासुर, तुमचं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं लोक सहसा मान्य करत नाहीत. घरोघर फिरून वस्तू गोळा करण्यात भंगारवाल्याइतकं तरबेज कुणी नाही. कुठल्याही कंपनीला ते जमलेलं नाही. दोष त्याच्यात नाही. गडबड होते ती त्याच्या पुढच्या तिसऱ्या-चौथ्या हातात.

मी अशा वस्तू सुट्या करणाऱ्या कारखान्यात काम करतो, तेव्हा जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तांब्याची वायर घ्या. तिच्यावर पीव्हीसीचं आवरण. ते सोलायचं मशीन असतं, पण मशीन नसेल तर सगळ्यात झटपट उपाय म्हणजे जाळणे. पीव्हीसीत क्लोरीन असतं, जळताना डायॉक्सिन नावाची जहाल विषारी संयुगं तयार होतात आणि तांबं त्या क्रियेला हातभारच लावतं. वायर जाळणाऱ्या पोराला तांबं मिळतं, धूरही त्यालाच मिळतो. सर्किट बोर्डचं तसंच. गल्लीतल्या पद्धतीत बोर्ड तापवून चिप उचकटतात, मग नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात घालतात. सोनं विरघळतं, ते परत खाली बसवतात, उरलेला हिरवा-निळा द्राव नाल्यात. चीनमधल्या ग्वियू गावात वर्षानुवर्षं हेच चाललं आणि तिथल्या मुलांच्या रक्तात शिसं किती चढलंय ते तपासण्यांत दिसलं. घानाच्या राजधानीतली आग्बोग्ब्लोशीची वायरजाळी अशीच जगभर फोटोंतून गाजली, २०२१ साली ती वस्ती पाडली. जागा गेली, धंदा आजूबाजूला पांगला.

"काही वाया जात नाही" हेही खरं नाही. आम्लाच्या बादलीतून सोनं निघतं, थोडं तांबं निघतं. पॅलेडियम, चांदी, कथील यांतलं बरंच त्या द्रावाबरोबर जातं. नीट चालणाऱ्या कारखान्यात बोर्ड तांब्याच्या भट्टीत जातात. वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलेडियम आपल्यात ओढून घेतं. मग विजेने तांबं शुद्ध करताना हे सगळे धातू तळाशी गाळ होऊन बसतात आणि त्या गाळातून एकेक वेगळा काढतात. धूर गाळण्यावरच भट्टीच्या खर्चाचा मोठा वाटा जातो. बेल्जियममधलं होबोकेन, स्वीडनमधलं रॉन्शेर अशी फार थोडी ठिकाणं जगात आहेत जिथे हे मोठ्या प्रमाणावर होतं.

आता मूळ मुद्दा. वस्तू आख्खी द्या. ढेरीवाला टीव्ही आमच्याकडे येतो तेव्हा कित्येकदा केबल मुळाशी कापलेली असते, बोर्ड नसतो, ट्यूबच्या मानेवरची योक कॉइल (तांब्याच्या तारेचं वेटोळं) उपटलेली असते. म्हणजे तांबं आणि बोर्ड वाटेत निघून गेले. आमच्या दारात येते शिशाची काच आणि काळं प्लास्टिक. त्या काचेची विल्हेवाट लावायला पैसे लागतात, आणि ते पैसे त्या कॉइलमधून निघायचे होते. मलई आधीच कुणीतरी खाल्ली की उरलेल्याला वाली राहत नाही, आणि मग अशा ट्यूबा एखाद्या मोकळ्या जागेत फुटलेल्या सापडतात. एका वस्तूत मोलाचं आणि विषारी असं दोन्ही एकत्र असतं, मोलाच्याच्या जोरावर विषारी निस्तरलं जातं. म्हणून घरी फोडाफोडी करून तांबं एकाला आणि सांगाडा दुसऱ्याला असं करू नका. अपवाद फक्त बॅटरीचा, आणि तोही ती बोटांनी सहज निघत असेल तरच.

निवांत_निशा

बाप रे. आम्ही घरी वायरी कापूनच देत होतो, "तेवढं तांबं वेगळं" म्हणून. आता नाही करणार.

शंकासुर

बरं, मान्य. पण मग तुमचा तो आख्खा टीव्ही मी "अधिकृत" माणसाला दिला आणि त्यानेच तो मागच्या दाराने कंटेनरमध्ये भरून दुसऱ्या देशात पाठवला तर? कागद चांगला, काम तेच.

बिनतारी

शंका रास्त आहे. बेसल अ‍ॅक्शन नेटवर्क नावाच्या संस्थेने अमेरिकेत नेमकं हेच तपासलं होतं. जुने मॉनिटर, प्रिंटर अशा सुमारे २०० वस्तूंमध्ये जागा कळवणारे ट्रॅकर लपवून त्या दान केंद्रांत आणि रिसायकलरकडे दिल्या. २०१६ मध्ये निष्कर्ष आले: जवळपास एक तृतीयांश वस्तू देशाबाहेर गेलेल्या. काही जणांच्या भिंतीवर चांगली प्रमाणपत्रं लटकत होती.

त्याच प्रश्नावर बेसल करार १९८९ चा, लागू १९९२ पासून. घातक कचरा दुसऱ्या देशात पाठवायचा तर घेणाऱ्याची आधी संमती हवी असं तो सांगतो. पळवाट अशी होती की "हा घातक नाही" म्हटलं की सुटका. १ जानेवारी २०२५ पासून ती बुजवली. आता घातक असो वा नसो, सगळ्याच ई-कचऱ्याला आधी संमती लागते. तरी "वापरलेली, दुरुस्तीसाठी" अशी चिठ्ठी लावून माल जातो, तो भाग अजून वादाचाच आहे.

तांब्याची_तार

बिनतारींना अनुमोदन. कागदापेक्षा माणसाला चार प्रश्न विचारा, त्यातून जास्त कळतं. बोर्ड पुढे कुठल्या भट्टीत जातात? टीव्हीच्या ट्यूबची काच कोण घेतं? बॅटऱ्या कशा साठवता? ज्याचं काम सरळ आहे तो सांगतो, बहुतेकदा गरजेपेक्षा जास्तच सांगतो, आम्हाला कुणी विचारतच नाही हो. जो नुसता "सगळं रिसायकल होतं" म्हणतो तिथून परत फिरा. सगळं रिसायकल होत नाही. फोनमधले काही धातू इतके चिमूटभर आणि इतके मिसळलेले असतात की भट्टीच्या मळीबरोबर जातात. टँटॅलम त्यातलाच. दुर्मिळ मृदा धातूंच्या जगाच्या गरजेपैकी जेमतेम १ टक्का ई-कचऱ्यातून भागतो.

आणखी एक ओळख. जो फक्त लॅपटॉप आणि फोन मागतो आणि टीव्हीची ट्यूब, सीएफएल, तुटका प्रिंटर नको म्हणतो, तो मलईवाला.

वाचनमात्र

चार्जरवर फुलीचा कचऱ्याचा डबा छापलेला असतो त्याचा अर्थ काय? मी इतके दिवस "कचऱ्यात टाका" असा समजत होतो. 🙈

सोल्डरगन

नेमकं उलटं. चाकाच्या डब्यावर फुली म्हणजे रोजच्या कचऱ्यात टाकू नका, वेगळं द्या. युरोपच्या नियमातून आलेली खूण, पण माल जगभर जातो म्हणून सगळीकडे दिसते. बॅटरीवर त्या डब्याखाली एचजी, सीडी किंवा पीबी अशी अक्षरं असतील तर अनुक्रमे पारा, कॅडमियम, शिसं.

अडगळवाली

फोन आणि फोटोंचं कुणीतरी सांगा ना. बटणांच्या फोनमध्ये आईचे मेसेज आहेत. ते कुणाच्या हाती लागू नयेत, पण मला स्वतःला ते हवेत.

बिनतारी

ताई, आधी हवं ते बाहेर काढा. बटणांच्या फोनमधले मेसेज बहुतेक सिममध्ये किंवा फोनच्याच स्मृतीत असतात, केबलने नाही निघाले तर सरळ एकेक मेसेज उघडून नव्या फोनने फोटो काढा. मी वडिलांच्या फोनचे तसेच काढलेत. तीन संध्याकाळी गेल्या.

पुसण्याबद्दल. "डिलीट" म्हणजे पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली ओळ खोडणं, पान तिथेच राहतं. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर पूर्ण जागेवर एकदा नवं काहीतरी लिहिलं की काम झालं. पस्तीस वेळा लिहा वगैरे जुन्या काळच्या गोष्टी. एसएसडी (नव्या लॅपटॉपमधली, फिरत्या तबकडीऐवजी चिपची डिस्क) आणि फोनमध्ये मात्र हे चालत नाही. चिप झिजू नये म्हणून आतला कंट्रोलर लिखाण वेगवेगळ्या खणांत फिरवत ठेवतो, तुम्ही वरून लिहिलंत तरी काही जुने खण तसेच राहतात. तिथे उपाय म्हणजे एन्क्रिप्शन. डेटा कुलूपबंद असेल तर किल्ली नष्ट केली की मागे उरतो तो अर्थहीन भुसा. गेल्या काही वर्षांतले बहुतेक स्मार्टफोन मुळातच एन्क्रिप्ट केलेले असतात, त्यामुळे सेटिंगमधून फॅक्टरी रिसेट केला की पुरतं. फार जुना अँड्रॉइड असेल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन एन्क्रिप्शन चालू करा, मग रिसेट.

पण रिसेटच्या आधी खात्यातून बाहेर पडा. गूगल किंवा अ‍ॅपल खातं तसंच ठेवून रिसेट केलात तर फोन पुढच्या माणसाकडे जुना पासवर्ड मागत बसतो. चोरीला आळा बसावा म्हणून केलेली सोय आहे, पण तिच्यापायी चांगले चालणारे फोन भट्टीत जातात.

आणि राउटर विसरू नका. त्यात वायफायचा पासवर्ड, कधी इंटरनेटच्या खात्याचाही असतो. मागच्या भोकात टाचणी घालून रिसेट. स्मार्ट टीव्हीतून खाती काढा. सिम, मेमरी कार्ड बाहेर.

माझं ऐकायचं तर: एका दुकानात जुना लॅपटॉप देऊन नवा घेतला. "आम्ही पुसतो सर" म्हणाले. पाच महिन्यांनी माझ्या मेल खात्यात नव्या ठिकाणाहून कुणीतरी शिरायला बघतंय असा इशारा आला. उपकरणाचं नाव वाचलं तर माझ्याच जुन्या लॅपटॉपचं, मीच ठेवलेलं. त्या दिवसापासून पुसण्याचं काम दुसऱ्यावर सोडत नाही.

जुनं_ते_सोनं

सगळे रिसायकलवरच का उतरलात? हेअर ड्रायर उघडून बघितलात का? मिक्सर बंद पडला की लोक नवा आणतात, आणि निम्म्या वेळा आतले कार्बन ब्रश झिजलेले असतात, बस्स. पंखा घूं घूं करतो आणि हाताने ढकलल्यावर फिरतो, म्हणजे कपॅसिटर गेला. इस्त्री तापत नाही तर आधी वायर बघा, मुठीपाशी आतून तुटलेली असते. वस्तू बनवतानाच तिच्या नावावर बहुतेक धूर निघून गेलेला असतो. फोनचं उदाहरण घ्या, त्याच्या आयुष्यभराच्या कार्बनमधला मोठा वाटा तो तुमच्या हातात पडण्याआधीचाच. वितळवून त्यातलं किती परत मिळणार? दुरुस्त केलेली वस्तू ही सगळ्यात चांगली रिसायकल केलेली वस्तू.

सोल्डरगन

सहमत, माझं पोटच त्यावर चालतं. पण दोन सूचना. मायक्रोवेव्ह घरी उघडू नका. त्यातला कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या वर चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तो चार्ज धरून असू शकतो. ढेरीवाला टीव्हीही तसाच, ट्यूबवर पंचवीस हजार व्होल्टच्या घरात दाब असतो. हेअर ड्रायरचा थर्मल फ्यूज उडाला असेल तर त्या जागी साधी तार जोडून "चालू केला" असं करणारे भेटतात. तो फ्यूज जीव वाचवायला असतो. तसाच नवा घाला, नाहीतर ड्रायर देऊन टाका.

निवांत_निशा

देऊन टाकण्यावरून आठवलं. आम्ही एका संस्थेत जुने संगणक दान करायला गेलो, तिथली बाई हसून म्हणाली, "चालतात का?" आम्ही म्हटलं दोन चालत नाहीत. ती म्हणाली, "मग ते दान नाही, आमच्या गळ्यात कचरा आहे." आधी राग आला. मग तिच्या मागची खोली दिसली. छतापर्यंत मॉनिटर.

शंकासुर

हे मात्र लाख बोललीस निशा. "गरिबाला उपयोगी पडेल" हे पुष्कळदा आपल्या मनाचं समाधान असतं.

अडगळवाली

फ्रीजचं काय? चालतोय, पण सतरा वर्षांचा आहे. माझ्या भाचीला नवीन घरी हवाय. द्यावा का?

जुनं_ते_सोनं

चालतोय ना? द्या की.

तांब्याची_तार

जुनं_ते_सोनं, इथे मी तुमच्याशी भांडणार. फ्रीज दिवसरात्र चालतो, त्याच्या आयुष्याचा हिशेब फोनच्या उलट असतो. विजेचा वाटा मोठा. सतरा वर्षांचा, दाराचं रबर ढिलं झालेला फ्रीज भाचीच्या घरी नेला तर पुढची पाच-सात वर्षं तिचं वीजबिल तो खात बसेल. रबर बदलून बघा, मागची जाळी झाडा, मग ठरवा. नुसता "चालतो" हा निकष फ्रीजला पुरत नाही.

आणि टाकायचा ठरला तर सगळ्यात जपून टाकायची वस्तू हीच. मागच्या पट्टीवर कुठला वायू आहे ते छापलेलं असतं. आर-१२ असेल तर तो ओझोन खाणारा, १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर हळूहळू बंद झालेला. तुमच्यात बहुधा आर-१३४ए असेल. तो ओझोनला हात लावत नाही, पण तापमानवाढीच्या हिशेबात त्याचा एक किलो म्हणजे सुमारे १४३० किलो कार्बन डायऑक्साइड. नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. हवामानाला जवळजवळ निरुपद्रवी, पण पेट घेणारा. लोकांना कॉम्प्रेसर हवा असतो, त्यात तांबं-लोखंड. तो काढायला ते नळी करवतीने कापतात, फुस्स असा आवाज येतो, आणि सगळा वायू आकाशात. तीन सेकंदांचं काम. नीट पद्धतीत नळीला आधी सुई लावून वायू सिलिंडरमध्ये ओढून घेतात. फार जुन्या फ्रीजच्या भिंतींमधल्या फोममध्येही तसाच वायू कोंडलेला असतो, बरेचदा नळीतल्यापेक्षा जास्त, म्हणून ती कॅबिनेटं बंद यंत्रात भरडतात.

नवा फ्रीज देणाऱ्याला आधीच विचारा, जुन्याचा वायू कुठे काढणार. आणि जुना नुसता उभा राहणार असेल तर त्याचं दार काढून ठेवा, लहान मुलं आत लपतात.

जुनं_ते_सोनं

रबर बदलायचा मुद्दा घेतला. बाकी हार मानत नाही.

निवांत_निशा

माझा एक प्रश्न. सीएफएल फुटला तर? मागे माझ्या हातून एक फुटला तेव्हा मी झाडू मारून व्हॅक्यूमने ओढून घेतलं होतं.

सोल्डरगन

नेमकं तेच करायचं नाही. आत पाच मिलिग्रॅमहून कमी पारा असतो, घाबरून घर सोडायची गरज नाही, पण व्हॅक्यूम ती वाफ खोलीभर फवारतो. खिडक्या उघडा, पंखा-एसी बंद, दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा. मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा, बारीक पूड चिकटपट्टीने टिपा, सगळं झाकणाच्या बरणीत. पिशवीतले न फुटलेले दिवे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात उभे ठेवा. एलईडी दिव्यात पारा नसतो, पण आत सर्किट असतं, म्हणून तोही वेगळाच द्यायचा. आणि रिमोट-खेळण्यांतले बटणाएवढे सेल! "संपलेले" असले तरी त्यात दम असतो. लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. काढल्या काढल्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि उंच ठेवा. लिथियमच्या इतर बॅटऱ्यांच्या टोकांनाही तीच पट्टी.

शंकासुर

शेवटचा खडूस प्रश्न. माझ्या एका जुन्या फोनने काय फरक पडतो? आत सोनं किती, डोळ्याला दिसणार नाही एवढं.

बिनतारी

एका फोनमध्ये ग्रॅमचे काही शतांश. पण टोकियोच्या ऑलिंपिकची पदकं यातूनच बनली. २०१७ ते २०१९ अशी दोन वर्षं जपानी लोकांनी जवळपास ७९ हजार टन छोट्या वस्तू दिल्या, त्यात ६२ लाख फोन. त्यातून सोनं निघालं ३२ किलो, चांदी ३,५०० किलो. सोन्याच्या खाणीत टनभर दगड फोडून काही ग्रॅम मिळतात, टनभर फोनांत ते शेकड्यांनी.

उलट बाजूही सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीनुसार २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराचसा कुठल्यातरी माळरानावर किंवा गल्लीतल्या जाळात गेला. तुमच्या-माझ्या कप्प्यात पडून आहे ते आणखी वेगळंच. माझ्या मते कप्पाच जास्त वाईट. नवा-नवा फोन बाजूला पडतो तेव्हा दुसऱ्याच्या कामाचा असतो. सहा वर्षं पडून राहिला की त्याची बॅटरी फुगते, सॉफ्टवेअर बंद होतं, आणि मग भट्टीशिवाय वाट उरत नाही.

अडगळवाली

तीन आठवड्यांनी परत आले, खबर द्यायला.

टॅब्लेट वाळूसकट पहिल्या दिवशीच गेला. घेणाऱ्याला "फुगलाय" म्हटल्यावर त्याने वेगळा पत्र्याचा डबाच पुढे केला, म्हणजे योग्य माणूस मिळाला असं धरलं. बोर्ड कुठे जातात विचारलं तर वीस मिनिटं बोलत होता. तांब्याची_तार, तुम्ही म्हणालात तसंच.

कॅल्क्युलेटर चालू झाला! आठाचा आकडा अर्धवट उमटतो, तेवढं चालतं. अकरा चार्जरांपैकी तीन अजून कामाचे निघाले. चार फोनांपैकी एक रिसेट करून मावशीच्या हातात, खात्यातून आधी बाहेर पडले. बटणांच्या फोनला उसनी बॅटरी लावून आईचे मेसेज काढले, एकशे चौदा होते. तो फोन मात्र दिला नाही. स्वतःची बॅटरी नाहीच त्यात, राहू दे.

फ्रीजचं रबर बदललं. भाचीला दिला नाही, आमच्याकडेच आणखी काही दिवस.

राहिला टीव्ही. पोटमाळ्यावरून खाली कसा आणायचा? दोघांत उचलत नाही.

तांब्याची_तार

तिघं घ्या. किमान आठवडाभर प्लगला लावलेला नसावा, तो तर तुमच्याकडे वर्षानुवर्षं नाहीच. वजन सगळं पुढच्या काचेत असतं, म्हणून काच उचलणाऱ्याच्या छातीकडे, ढेरी बाहेरच्या बाजूला. मागे ट्यूबची बारीक मान असते, ती भिंतीवर किंवा शिडीवर आपटू द्यायची नाही, आत निर्वात आहे. वायर अंगाला गुंडाळून चिकटपट्टीने बांधा, पायात येते. खाली आला की जाड चादरीवर काच खाली करून ठेवा. आणि वायर कापू नका!

अडगळवाली

नाही कापत. 🙂 रविवारी उतरवतो.